अडकलेल्या मेलची रांग

ओपन सोर्स प्रकल्पाला मी पाठवलेला पहिला मेल चार महिने एका रांगेत पडून होता, आणि शेवटी तो तिथून मीच बाहेर काढला.

2013 च्या फेब्रुवारीत पुण्यात मॉडेल कॉलनीत, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नुनिफाय हे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं संमेलन भरलं होतं. मी एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. कुठल्याशा सत्रात ‘शंका असेल तर सरळ प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर लिहा’ (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सदस्यांना मेल जातो, ती ही लिस्ट) असं ऐकलं आणि त्याच रात्री होस्टेलवरून लिहिलं. मराठी इंटरफेसमध्ये जोडाक्षरं तुटत होती, त्याबद्दल. ‘तुमचा मेल मॉडरेटरच्या मंजुरीसाठी थांबवला आहे’ असं यंत्राचं उत्तर आलं. कॉलेजच्या ऑफिसची खिडकी ओळखीची असल्यामुळे मी मुकाट्यानं थांबले. आठवडा गेला, परीक्षा झाली, आणि आपल्याला कोण विचारतंय असं ठरवून विषय सोडून दिला.

जूनमध्ये प्रकल्पाच्या चॅटवर कुणीतरी विचारलं, लिस्टा बघायला कुणी तयार आहे का, आधीचा माणूस नोकरी बदलून गेलाय. कोड लिहायची भीती वाटत होती, पण हे जमेल असं वाटलं. पासवर्ड मिळाला. आत तेवीस लिस्टा. वापरकर्त्यांच्या लिस्टची अडकलेली रांग उघडली तर सहाशेच्या वर मेल. बहुतेक औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती, आणि मधूनमधून खरी माणसं. त्यात माझा फेब्रुवारीतला मेल. सदस्य न होता लिहिलं होतं, म्हणून अडवलेला. माझ्यासारखेच आणखी चाळीसेक जण होते. कुणी ब्राझीलचा शिक्षक, कुणी नागपूरचा मुलगा. सगळ्यांनी माझ्यासारखंच ठरवलं असणार.

प्रकल्पाचं नाव सांगत नाही, कारण पुढं चुका सांगायच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत.

मेलिंग लिस्ट हा प्रकार नव्या मुलांना म्हाताऱ्यांचा वाटतो. पण लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे पॅच (कोडमधले बदल) आजही मेलनंच जातात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं स्वतःचं कामही तसंच चालतं. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये काय घ्यायचं आणि काय नाही याचा वाद लिस्टवरच होतो. अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांमध्ये तर जे लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही असं मानतात, आणि मत मागवलं की निदान 72 तास वाट बघायची रीत आहे, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसालाही बोलता येतं. पुण्याच्या मुलाला याचा फायदा कळायला हवा. संध्याकाळी साडेआठच्या ऑनलाइन बैठकीत आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतो. मेल आपली वाट बघतो.

आता लिस्टांची मांडणी. तेवीस लिस्टा कशा झाल्या असतील? कुणाला उत्साह आला की तो एक लिस्ट काढायचा. विंडोजवाल्यांची वेगळी, कागदपत्रांची वेगळी, लोगोची तर दोन. त्यातल्या अकरा लिस्टांवर वर्षभरात एकही माणूस बोलला नव्हता. मला वाटलं, व्यवस्था लावायची म्हणजे कप्पे करायचे, आणि मी पहिल्याच महिन्यात चोविसावी लिस्ट काढली: नवोदितांसाठी. हेतू चांगला होता. नवे सगळे तिथं आले, जुने कुणीच आले नाहीत. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं ‘मलाही हाच प्रॉब्लेम आहे’ म्हणायचं, आणि थ्रेड तिथंच संपायचा. पोस्टग्रेसक्यूएलची नवशिक्यांसाठी वेगळी लिस्ट आहे आणि ती चालते, कारण तिथं मुरलेली माणसं बसून उत्तरं देतात. आमच्याकडं तशी माणसं मुळात चार. ती चार जिथं बसतात तिथंच नव्यांना नेऊन बसवायला हवं होतं.

म्हणून मग उलटं काम सुरू केलं. दोन वर्षांत चोविसाच्या पाच केल्या: घोषणांची, वापरकर्त्यांची, विकासकांची, भाषांतराची आणि सुरक्षेची. घोषणांच्या लिस्टवर फक्त तिघांना लिहिता येतं आणि ती महिन्यातून एखादवेळीच हलते, म्हणून लोक ती सोडत नाहीत. सुरक्षेची बंद असते, कारण भोक बुजवायच्या आधी त्याची दवंडी पिटायची नसते. भाषांतराची वेगळी ठेवावी की नाही यावर मी बरीच भांडले. प्रत्येक भाषेची वेगळी मागत होते लोक. मराठीची काढली असती तर त्यावर मी आणि आणखी दोघं असतो, आणि तिघांसाठी व्हॉट्सअ‍ॅप पुरतं.

लिस्ट बंद करताना पत्ता लगेच मारून टाकू नका. जुन्या पत्त्यावर आलेला मेल नव्या लिस्टकडं वळवा आणि जुनं अर्काइव्ह, म्हणजे आलेल्या सगळ्या मेलचा वेबवरचा साठा, फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवा. अर्काइव्हबद्दल मी पोळलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचा सर्व्हर मेलमन 2.1 या लिस्टा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर होता. त्याच्या अर्काइव्हमध्ये प्रत्येक मेलला क्रमानं आकडा मिळतो आणि तोच त्याच्या वेबपत्त्यात असतो. एकदा एक घाणेरडी जाहिरात नजरचुकीनं लिस्टवर गेली. मी स्वच्छता मोहीम काढली. मूळ फाइलीतून तो मेल कापला आणि अर्काइव्ह नव्यानं बांधलं. जाहिरात गेली, आणि तिच्यानंतरच्या प्रत्येक मेलचा आकडा एकानं मागं सरकला. बगच्या नोंदींमध्ये, कोडमधल्या टिपांमध्ये, लोकांनी ठिकठिकाणी दिलेले शेकडो दुवे आता शेजारच्या मेलवर जात होते. ‘हा निर्णय का घेतला ते इथं वाचा’ म्हणून दाबावं तर समोर कुणाच्या तरी प्रिंटरची रड. बॅकअप होता म्हणून वाचले. करायचं होतं ते एवढंच: मेल जागेवर ठेवून त्यातला मजकूर पुसायचा आणि ‘काढून टाकला’ असं लिहायचं. वाड्यातली एक खोली पाडायची नसते, कुलूप लावायचं असतं.

दुसरा तडाखा 2014 च्या एप्रिलमध्ये बसला, आणि तो मात्र माझा दोष नव्हता. याहूनं डीमार्कचं, म्हणजे मेल कुणी पाठवला याची खातरजमा करायच्या पद्धतीचं धोरण कडक केलं: याहूच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसणारा, पण याहूनं पाठवलेला आहे हे सिद्ध न होणारा मेल घेऊ नका. फसवणूक रोखायला उपाय ठीक. पण मेलिंग लिस्ट नेमकं तेच करते. तुमचा मेल घेते, विषयात लिस्टचं नाव चिकटवते, तळाला ओळ जोडते आणि आपल्या सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवते. त्यामुळे याहूवाला एकजण काही लिहायचा, जीमेल तो मेल नाकारायचं, आणि मेलमनला वाटायचं की जीमेलवाल्यांचेच पत्ते मेलेत. मेलमन प्रत्येक परत आलेल्या मेलसाठी सदस्याच्या नावावर गुण मांडतो, दिवसाला फार तर एक. पाच गुण झाले की त्याचं टपाल बंद. म्हणजे लिहिणारा एक आणि शिक्षा तिसऱ्यालाच. आठवड्याभरात आमचे निम्मे सदस्य गप्प झाले आणि मला वाटत होतं उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत.

त्या दहा दिवसांत मी एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या पत्त्याचा आहे का ते तपासायच्या पद्धती) आणि डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदी शिकले. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. सदस्यांचं टपाल हातानं परत सुरू केलं. मग मेलमन 2.1.18 आला, त्यात अशा मेलवर पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता टाकायची सोय होती. दुसरा मार्ग पोस्टग्रेसक्यूएलनं पुढं निवडला: विषयात आणि तळाला काही जोडायचंच नाही, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरनं केलेली डीकेआयएमची मूळ सही मोडत नाही. मला तो जास्त पटतो. विषयात कंसात लिस्टचं नाव हवं म्हणून लोक हट्ट धरतात, पण प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या माहितीत, लिस्ट-आयडी असतोच, त्यावर फिल्टर लावता येतो.

मराठी माणसाला एक खास अडचण यायची. मेलमन 2 मध्ये इंग्रजी लिस्टचा अक्षरसंच युएस-आस्की, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांचा धरलेला असे. कुणी देवनागरीत लिहिलं की रोजच्या एकत्रित डायजेस्टमध्ये नुसती प्रश्नचिन्हांची रांग. जोडाक्षरांची तक्रार करणारा माझा मेल शेवटी लिस्टवर सोडला तेव्हा डायजेस्टवाल्यांना तो असाच गेला. सेटिंगमध्ये युटीएफ-8 (ज्यात देवनागरीही मावते) केलं, एका ओळीचं काम. इतकी वर्षं कुणाला ते टोचलंच नव्हतं, कारण टोचणारी माणसं रांगेत अडकलेली होती.

आता रोजचं काम. सकाळी सात चाळीसची कंपनीची बस कोथरूडहून निघते, आणि चांदणी चौक येईपर्यंत माझी रांग रिकामी होते. युरोप झोपेत असताना साचलेलं सगळं त्यांनी डोळे उघडायच्या आत निपटतं, हा आपल्या घड्याळाचा फायदा. मंजूर करायच्या आधी मी दोन गोष्टी बघते. एक, कुणी सहीत मोबाइल नंबर टाकलाय का. आपल्याकडची मुलं नाव, वर्ष, कॉलेज आणि फोन असं सगळं खाली लिहितात. ते अर्काइव्हमध्ये कायमचं बसतं. असा मेल मी परत पाठवते आणि नंबर काढायला सांगते. दोन, कंपनीच्या मेलखालची ती धमकी: हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाला असल्यास नष्ट करा. जगभर कायमचा उघडा राहणारा मेल! त्यांना म्हणते, घरच्या पत्त्यावरून लिहा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काम तिप्पट होतं. नवोदितांना ओपन सोर्समध्ये काम करायला मानधन देणाऱ्या गुगल समर ऑफ कोडचे दिवस. ‘रिस्पेक्टेड सर, मी दुसऱ्या वर्षाला आहे, मला योगदान द्यायचं आहे, कृपया मार्गदर्शन करा’ असे मेल एकामागून एक. विकासक वैतागतात, काही तर टिंगल करतात. मीही आधी ठोकळेबाज उत्तर चिकटवायचे. नंतर लक्षात आलं की या मुलांना उद्धटपणा करायचा नसतो. मोठ्यांशी बोलायची त्यांना शिकवलेली हीच रीत आहे. फक्त त्या मेलला उत्तर देता येत नाही, कारण त्यात प्रश्नच नसतो. म्हणून मी आता एवढंच लिहिते: सॉफ्टवेअर बांधून बघितलंस का, कुठं अडलं, पडद्यावर काय आलं ते जसंच्या तसं चिकटव. दहातले सात परत येत नाहीत. तीन येतात. आज भाषांतराची लिस्ट सांभाळणारी मुलगी त्या तिघांतली. तिचा दुसरा मेल ‘ताई, मेक चालवल्यावर हे आलं’ असा सुरू झाला होता (मेक ही सॉफ्टवेअर बांधायची कमांड), सर्वांसमोर, मराठीत. एका जर्मन विकासकानं गंभीरपणे विचारलं की ‘ताई’ ही कुठली कमांड आहे.

उत्तर लिहिताना समोरच्याच्या मजकुरातलं लागेल तेवढं ठेवा आणि त्याखाली लिहा. वर लिहायची जीमेलची सवय दोघांत चालते, चाळीस जणांत कुणी कशाला हो म्हटलं तेच कळत नाही. कर्नलच्या लिस्टा तर एचटीएमएल, म्हणजे रंग-आकार लावलेले मेल घेतच नाहीत.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. 29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकानं ओएसएस-सिक्युरिटी लिस्टवर लिहिलं की फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार (बॅकडोर) आहे. दूरच्या संगणकावर शिरायच्या एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय एवढ्या शंकेवरून त्यानं ते शोधलं होतं. मग लोकांनी एक्सझेडच्या लिस्टचं जुनं अर्काइव्ह काढून वाचलं. 2022 मध्ये कुठल्याही कामात न दिसलेली काही नावं तिथं येऊन एकट्यानं प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाला टोचत होती: पॅच किती दिवस पडलेत, दुसऱ्या कुणाला हक्क दे. पुढं ज्याला हक्क मिळाले त्याच्याच नावानं चोरदार आलं. मी ते थ्रेड वाचले आणि मान्य करावं लागलं की मी मॉडरेटर असते तर ते सगळे मेल निमूट मंजूर केले असते. शिवी नाही, जाहिरात नाही, भाषा सभ्य. तेव्हापासून घाई करणाऱ्या अनोळखी माणसाचं मागचं लिखाण मी शोधून बघते, आणि आमच्या विकासकाला स्वतंत्र मेल टाकते: उत्तर द्यायची घाई नाही, मी बोलते त्याच्याशी.

2022 साली गनोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पानं मेलिंग लिस्टा बंद करून चर्चा डिस्कोर्स या वेबवरच्या चर्चामंचावर नेल्या. आमच्याकडंही वापरकर्ते तिकडं गेले, विकासक मेलवरच आहेत. मला त्यात दुःख नाही. रांग तिथंही असतेच.

नोकरीचं विचाराल तर याचे पैसे कुणी देत नाही. माझी पहिली नोकरी मात्र याहूच्या त्या दहा दिवसांवर मिळाली. मुलाखतीत मेल परत का येतात असं विचारलं, आणि मी पाऊण तास बोलले. रेझ्युमेवर ‘कम्युनिटी मॉडरेटर’ असं मोघम लिहू नका. किती लिस्टा, कुठलं सॉफ्टवेअर, काय बिघडलं, काय दुरुस्त केलं ते लिहा. आणि अर्काइव्हचा दुवा द्या, कारण तुमचं दहा वर्षांचं वागणं तिथं तारखेनिशी आहे. माझंही आहे. 2013 मधली दोन चिडकी उत्तरं अजून दिसतात. आकडे सरकतील म्हणून पुसलेली नाहीत.

सुरुवात करायची तर आधी एका प्रकल्पाच्या लिस्टचं महिन्याभराचं अर्काइव्ह वाचा आणि उत्तर न मिळालेले मेल मोजा. मग लिस्टच्या नावानंतर ‘-ओनर’ जोडलेल्या, म्हणजे ती चालवणाऱ्यांच्या पत्त्यावर लिहा. मार्गदर्शन मागू नका. ‘अडकलेले मेल रोज सकाळी आठच्या आत बघेन, पहिला महिना कुणीतरी माझ्यावर लक्ष ठेवा’ एवढं पुरे. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. तुमचाही मेल रांगेत असू शकतो.