उबुंटूवर दुसरा डेस्कटॉप टाकताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि बडोद्यात आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जुन्या पीसींवर उबुंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) आलं. चार जीबी रॅमच्या मशीनवर त्याचा मूळचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू आणि बटणं सांभाळणारा ग्नोम, लवकर धापा टाकायला लागतो. मग कोणीतरी सुचवतं, एक्सएफसीई टाका, मेट टाका, ते हलके डेस्कटॉप आहेत. कॉलेजातल्या मुलांना केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप हवा असतो, तो दिसायला छान म्हणून. टाकायला एक कमांड पुरते. घोळ त्यानंतर सुरू होतात.

बहुतेक घोळांचं मूळ एकच. नवा डेस्कटॉप जुन्याला घालवत नाही, त्याच्या शेजारी येऊन राहतो. दोघांचं होम फोल्डर एकच, आणि त्यातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या सेटिंग फाइलीही बऱ्याचशा सामाईक. प्लाझ्मात एकदा थीम बदलली की ग्नोममध्ये परतल्यावर माउसचा बाण वेगळा, फॉन्ट मोठा, बटणं भलत्याच रंगाची दिसतात, ती यामुळेच.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोजच्या युजरमधून थेट नवा डेस्कटॉप वापरायला लागणं. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चाचणी’ नावाचा एक नवा युजर करा आणि आधी त्यातून लॉगिन करून बघा. पुढे काही बिघडलं तरी हाच युजर कामाला येतो. तिथे सगळं ठीक चालत असेल तर दोष तुमच्या सेटिंग फाइलींत. तिथेही तोच त्रास असेल तर पॅकेज (प्रोग्रामचा गठ्ठा) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बघा. हे न करता उबुंटू पुन्हा टाकायला बसणारे लोक आहेत, आणि रविवार त्यातच जातो.

दुसरी चूक पॅकेज निवडताना होते. नुसतं ‘एक्सएफसीई४’ टाकलं तर डेस्कटॉप तेवढा येतो. ‘झुबुंटू-डेस्कटॉप’ टाकलं तर त्याच्यासोबत दुसरा व्हिडिओ प्लेअर, दुसरा फोटो बघायचा प्रोग्राम, बूटचं वेगळं चित्र, असा सगळा लवाजमा येतो. केडीईचं ‘केडीई-फुल’ तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेऊच नका. मध्येच नेट किंवा वीज गेली आणि काम अर्धवट राहिलं, तर पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ या कमांडला ‘कॉन्फिगर -ए’ हा पर्याय देऊन चालवा, मग पॅकेज आणणाऱ्या ‘एपीटी’ला ‘फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ सांगा. बहुतेक वेळा गाडी तिथून पुढे जाते.

इन्स्टॉल चालू असताना टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एक जुनाट दिसणारा चौकोन येतो, जीडीएम३ हवा की लाइटडीएम. माउस तिथे चालत नाही, त्यामुळे मशीन अडकलं असं वाटून लोक खिडकीच बंद करतात. तसं करू नका. बाणाच्या बटणांनी निवडा, टॅब दाबून ‘ओके’वर या, एंटर मारा. हा प्रश्न फक्त लॉगिनचा पडदा कोण दाखवणार एवढाच आहे. ग्नोमही ठेवणार असाल तर जीडीएम३ राहू द्या, कारण ग्नोमचं स्क्रीन लॉक त्याच्यावर अवलंबून असतं. निवड चुकली तर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ चालवलं की तोच चौकोन परत येतो.

‘टाकलं, पण काहीच बदललं नाही’ ही तक्रारही नेहमीची. जीडीएममध्ये आधी नावावर क्लिक करा, पासवर्डची चौकट आली की खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसेल, डेस्कटॉप तिथून निवडायचा. प्लाझ्माच्या यादीत एक्स११ आणि वेलँड (पडद्यावर चित्र दाखवायच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय असतील आणि ग्राफिक्स कार्ड जुनं असेल, तर सुरुवात एक्स११ ने करा.

पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचाच पडदा परत येतो? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि ‘डीएफ -एच’ने डिस्क भरलीय का ते बघा. जागा असेल तर होममधल्या ‘एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलीचा मालक रूट (सिस्टिमचा मुख्य युजर) झालाय का ते तपासा. कधीतरी सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावून ग्राफिकल प्रोग्राम उघडला की असं होऊ शकतं. तिचं नाव बदला. पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

आता खास आपल्याकडची गोष्ट. बडोद्यातल्या मराठी घरात मराठी आणि गुजराती दोन्ही टाइप करावं लागतं. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत ‘क’चं बटण दोन्ही लिप्यांना एकच, त्यामुळे बोटांना त्रास नाही. पण दांडिया बाजारातल्या एका काकांकडे एक्सएफसीई आला आणि संध्याकाळी त्यांचा फोन: ‘अरे, माझं गुजराती कुठे गेलं?’ गेलं कुठेच नव्हतं. ग्नोमची भाषांची यादी ग्नोमपुरतीच असते, एक्सएफसीई ती वाचत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट, ‘सिस्टिमचं डिफॉल्ट वापरा’ यावरची खूण काढायची आणि भारताच्या यादीतून मराठी आणि गुजराती जोडायचं. भाषा बदलायचं बटणही तिथेच ठरवता येतं. फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे, टाइप करणाऱ्यांनी ‘आयएम-कॉन्फिग’ चालवून आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम निवडावा आणि एकदा लॉगआउट करून परत यावं.

क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड प्लाझ्मात दिसले नाहीत तरी घाबरू नका. पासवर्ड ठेवायची ग्नोमची किरिंग वेगळी, केडीईचं केवॉलेट वेगळं. जुन्या डेस्कटॉपमध्ये परत गेलात की ते दिसतात. तोवर ब्राउझरचा प्रोफाइल मात्र पुसू नका.

डेस्कटॉप आवडला नाही तर काढतानाही जपून. ‘झुबुंटू-डेस्कटॉप’ हे नुसतं नावाचं पॅकेज. ते काढलं तरी बाकीचं सगळं मागे राहतं. मग लोक ‘ऑटोरिमूव्ह’ (न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड) चालवतात आणि यादी न वाचता ‘वाय’ दाबतात. त्याऐवजी ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘एपीटी’ची हिस्टरी फाइल उघडा, त्या दिवशी नेमकं काय काय आलं ते तिथे लिहिलेलं असतं. खरं तर टाकण्याआधीच टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टिमचा स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) घेतलेला बरा. तो ठेवायची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, विंडोजच्या पेन ड्राइव्हवर जमत नाही. आणि काहीही काढण्याआधी ‘एपीटी’ला ‘-एस’ लावून तालीम करा. त्या यादीत नेटवर्क मॅनेजरचं नाव दिसलं तर तिथेच थांबा, नाहीतर दुरुस्तीसाठी लागणारं इंटरनेटच हातचं जाईल.