मूल एकटं आंघोळ करणार? विसण सोपवण्याआधी या चुका टाळा

पहिलीत गेलं की मुलाने आपली आंघोळ आपण करावी, असं बऱ्याच घरांत ठरून गेलेलं असतं. काही घरांत ते शेजारच्या पोरावरून ठरतं. काही घरांत कधीच ठरत नाही. सातची बस गाठायची म्हणून चौथीतल्या मुलालाही आई खसाखसा घासून मोकळी होते. या मुलाला नेमकं काय जमतं, हे तिन्ही घरांत कुणी पाहिलेलं नसतं.

वयाचा ढोबळ अंदाज उपयोगी आहे, पण तेवढाच. पाच वर्षांपर्यंत मूल नजरेसमोर हवं. सहा ते आठच्या दरम्यान बहुतेक मुलं, घरातलं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असेल तर, एकटी आंघोळ करू शकतात. त्यापुढचं मुलावर आहे. हाक मारल्यावर लगेच ओ देतं का? पाणी कढत आहे हे अंगावर घेण्याआधी तपासतं का? डोळ्यात साबण गेला तर ओल्या फरशीवरून धावत सुटतं, की जागेवरच तांब्या चाचपतं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घाबरून ओल्या फरशीवर धावलं की पाय घसरतो.

सगळं एकाच दिवशी सोपवणं

‘उद्यापासून तुझं तू’ असं म्हणून दार लोटून घेतलं की दोनच गोष्टी होतात: एक तर कावळ्याची आंघोळ, नाहीतर अर्धा तास पाण्याचा खेळ. काम तुकड्यांनी द्या, आणि शेवटाकडून सुरुवात करा. आधी अंग पुसणं आणि कपडे घालणं. मग साबण लावणं. मग अंगावर पाणी घेणं. डोक्यावरून न्हाणं बऱ्याच नंतर; लांब केस असतील तर दहाव्या वर्षीही मदत लागली तरी बिघडत नाही. पाणी विसणणं मात्र सगळ्यात शेवटी. मूल स्वतः आंघोळ करतं याचा अर्थ पाणीही त्यानेच काढायला हवं असा नाही. विसणलेली बादली पुढे ठेवून तुम्ही बाहेर या.

सुरुवात शाळेच्या दिवशी सकाळी करू नका. रविवार बघा किंवा सुट्टी. घाईत तुम्हीच ‘आण इकडे’ म्हणून तांब्या हिसकावून घ्याल.

पाणी: इथे चूक महागात पडते

आपली सवय गरम पाणी आधी काढायची आणि वरून विसण घालायची. मोठ्यांचं त्यात काही अडत नाही. मुलाला मात्र उलटा क्रम शिकवा: थंड पाणी आधी, गरम नंतर, आणि शेवटी थंड नळाची धार अर्धा मिनिट, म्हणजे तोटीत कढत पाणी उरत नाही. मध्येच कुणी हाक मारली, मूल बादलीत पडलं किंवा बादली कलंडली, तरी त्यात निव्वळ कढत पाणी कधीच नसतं. बादली ढवळून मगच हात घालायचा, कारण गरम पाणी वर राहतं आणि तळ गार लागतो.

गिझरची चकती बहुतेक घरांत बसवणाऱ्याने ठेवली तिथेच असते. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं. मुलांची कातडी पातळ, त्यामुळे त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. ५० च्या आसपास ठेवलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळतो. मुलाच्या अंगावरचं पाणी ३७-३८ अंशांचं पुरे, म्हणजे कोपराला कोमट लागेल इतपत. तरीही भाजलंच तर त्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही लावू नका. फोड आले, चेहरा किंवा जांघ भाजली तर थेट दवाखाना गाठा.

बादलीत रॉड टाकून पाणी तापवत असाल तर ते काम मुलाच्या हद्दीबाहेरचं. बटण बंद, प्लग काढलेला, रॉड बाहेर ठेवलेला, मगच मूल आत. ‘बटण बंद केलंय’ एवढ्यावर भागत नाही.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवला असेल तर मुलाला एकट्याने आंघोळ करू देण्याचा विचारच तिथे थांबवा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते आणि मूल हाक मारायच्या आधीच खाली बसतं. थंडीत खिडकी लावून घेतली की धोका वाढतो. गिझर बाहेरच्या हवेशीर जागी हलवणं हाच खरा उपाय. तोवर पाणी तुम्ही भरा, गिझर बंद करा, खिडकी उघडा, मग मुलाला पाठवा.

आतली कडी

मुलाला दार लावून घ्यायचं असतं आणि ते रास्त आहे. पण वरची कडी घट्ट असेल तर साबणाच्या हाताने ती निघत नाही. पहिले काही महिने दार नुसतं लोटलेलं ठेवा, बाहेर टॉवेल अडकवा. टॉवेल दिसला की कुणी आत जायचं नाही, हा नियम आजीआजोबांनाही लागू. नंतर बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवा.

‘लाज कसली, मीच तर न्हाऊ घातलंय तुला’ हे वाक्य घरोघरी हसत म्हटलं जातं. म्हणू नका. मूल आडोसा मागायला लागलं की तो द्यायचा. त्याच सुमाराला खासगी अवयवांची स्वच्छता साध्या शब्दांत सांगून टाका: मुलींनी पुढून मागे धुवायचं, मुलांनी पुढची त्वचा जोर लावून मागे ओढायची नाही. ती सहज जाईल तेवढीच, नंतर पुन्हा पुढे आणायची.

बाहेर आल्यावर उलटतपासणी

मान घासली का, कोपर घासला का, पाठ? रोज अशी परीक्षा घेतली तर मूल परत तुमच्याच हाती पाटावर बसेल. एका वेळी एकच जागा बघा: या आठवड्यात कानामागे, पुढच्या आठवड्यात पायाच्या बोटांच्या बेचक्या. पुसण्याकडे मात्र लक्ष हवंच. जांघ, काख आणि बेचक्या ओल्या राहिल्या की पावसाळ्यात गजकर्णाला आमंत्रण.

बादल्यांवर बादल्या ओतत असेल तर आधीच सांगा: एक बादली, संपली की आंघोळ संपली. ओरडण्यापेक्षा हे बरं चालतं.

भरलेली बादली मागे सोडणं

घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं भावंड असेल तर हे विसरू नका. एक-दीड वर्षाचं मूल बादलीत डोकावतं, तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. थोडंसं पाणीही पुरतं. म्हणून मोठ्याच्या आंघोळीचं शेवटचं काम बादली पालथी घालणं, आणि तुमचं काम ती पाहणं.

एकट्याने नकोच, अशा वेळा

नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल, उटणं, फरशीही तेलकट. त्या दिवशी मोठ्यांनीच न्हाऊ घालायची रीत आहे, ती पाळा. ताप किंवा अशक्तपणा असेल तेव्हाही सोबत हवी. आजोळी गेल्यावर बंब, नवा गिझर, उलट बाजूचे नळ असतात. घरी सगळं जमणाऱ्या मुलासोबतही तिथे पहिले दोन दिवस उभे राहा.

अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलाने कडी लावून आंघोळ करू नये, टबात तर नाहीच. डोक्यावर गरम पाणी ओतल्यानेच झटका येतो असाही अपस्माराचा एक प्रकार आहे. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, त्याची बरीच नोंद झालेली आहे. न्हाताना मूल मध्येच शून्यात बघत राहत असेल, हाकेला ओ देत नसेल किंवा तसंच पाणी ओतत राहत असेल, तर ‘पाण्यात रमलंय’ म्हणून सोडून देऊ नका. डोक्यावरून गरम पाणी बंद करा, कोमटच वापरा आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. जमलं तर तो प्रकार मोबाइलवर टिपून न्या. मुलाच्या अंगावर टॉवेल टाकून, फक्त चेहरा आणि हात दिसतील एवढंच.