प्लग बदलताना कॉइल जपून काढा
पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलायचे असतील तर खरं काम प्लगचं नाहीच, प्लगवर बसलेली, त्याला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेजचा करंट देणारी कॉइल न तोडता बाहेर काढायचं आहे. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ४२ डिग्री असतंय तेव्हा सकाळीच हात घाला, मग बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवा.

आता कॉइलला वायर जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर. बरेच जण वायर धरूनच ओढायलेत, तसं अजिबात करू नका, इंजिनच्या उष्णतेनं ते प्लास्टिक कडक होऊन जातंय आणि लॉक कट्कन तुटतंय, म्हणून कनेक्टर आधी थोडा आत दाबा, मग लॉक दाबून हळूच मागं घ्या. काही गाड्यांना लॉक दाबायच्या आधी मागं सरकवावं लागतंय, ते नीट बघून घ्या. कॉइलचा बोल्ट बहुतेक १० नंबरचा (१० मिमी पान्याचा) असतोय. तो निघाला की कॉइल डावी-उजवीकडं थोडी फिरवा, खालचं रबर प्लगला चिकटलेलं असतंय ते सुटतंय, मग सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर कॉइल फुटलीच समजा!

आणि प्लग खोलायच्या आधी कॉइल निघाली त्या खड्ड्यात हवा मारा, डोळे सांभाळून. आपल्याकडची धूळ लई बारीक, ती सिलेंडरमध्ये पडली तर इंजिनचं नुकसान होतंय. कॉइल एक-एक करूनच काढा, ज्याची त्याच जागी परत बसवा.