ग्राहकाचं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर नको: कारखान्यासाठी एसएफटीपी सर्व्हर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या जॉबवर्कच्या कारखान्यांत कोल्हापूर-पुण्याहून येणारी ड्रॉइंगं पुष्कळदा व्हॉट्सॲपवर नाहीतर पेनड्राइव्हने फिरतात. ड्रॉइंग ग्राहकाचं असतं. एकाच्या कास्टिंगचं माप दुसऱ्याला दिसलं तर पुढची ऑर्डर जाते, आणि त्यात ग्राहकाचं काही चुकत नाही. ४ जीबी रॅमचा जुना पीसी, त्यावर उबंटू सर्व्हर २४.०४ आणि ओपनएसएसएच (दूरच्या मशीनशी कुलूपबंद जोडणी, म्हणजे एसएसएच, करून देणारा प्रोग्राम) एवढ्यावर प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा बंद कप्पा देता येतो. खाली आज्ञा, पर्याय, फोल्डर आणि गटांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. मशीनवर ती रोमन स्पेलिंगनेच टाकायची.

साधा एफटीपी, म्हणजे फाइल पाठवण्याची जुनी पद्धत, वापरू नका. त्यात नाव आणि पासवर्ड तारेवरून उघडे जातात. एफटीपीएसमध्ये ते झाकले जातात, पण प्रमाणपत्र सांभाळावं लागतं आणि डेटासाठी पोर्टांची आख्खी रांग राउटरवर उघडावी लागते. एसएफटीपी हा एफटीपीचा भाऊ नव्हे. तो एसएसएचच्या आत चालतो, त्याला एकटं पोर्ट २२ पुरतं.

आधी लाइन तपासा. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर सामायिक आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरवरून सर्व्हरकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर इंटरनेटवरच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर (व्हीपीएस) हेच सगळं बसवा.

आता फोल्डर. नव्वद टक्के डोकेदुखी इथेच असते, म्हणून सावकाश वाचा. स्लॅश एसआरव्हीच्या आत 'एसएफटीपी' आणि त्यात प्रत्येक ग्राहकाच्या खात्याच्या नावाचं एक फोल्डर करा. क्रूटडायरेक्टरी या पर्यायाने ग्राहकाला या फोल्डरात कोंडायचं आहे. ओपनएसएसएचची अट अशी की हे फोल्डर आणि त्याच्या वरची प्रत्येक पायरी रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मालकीची हवी, आणि गटाला किंवा इतरांना तिथे लिहिण्याची मुभा नको. म्हणजे मालक रूट, परवानगी ७५५. ग्राहकाला अपलोड करता येत नाही म्हणून कोणीतरी ७७७ (सगळ्यांना लिहिण्याची मुभा) देतो, आणि त्या क्षणी लॉगिनच बंद पडतं. ग्राहकाच्या पडद्यावर फक्त जोडणी तुटल्याचा संदेश येतो, पासवर्ड किंवा किल्लीबद्दल अवाक्षर नाही. खरं कारण सर्व्हरच्या ऑथ डॉट लॉगमध्ये असतं: क्रूट फोल्डरची मालकी किंवा परवानगी चुकीची.

लिहिण्याची जागा आत एक पायरी खाली द्यायची. ऑफिसच्या रजिस्टरातलेच शब्द घ्या: 'आवक' आणि 'जावक'. आवकचा मालक ग्राहकाचं खातं, गट कारखान्याचा, परवानगी २७५०. जावकचा मालक कारखान्याचं खातं, गट त्या एका ग्राहकाच्या खात्याचा, परवानगी तीच २७५०. सुरुवातीच्या २ मुळे नवी फाइल फोल्डरचाच गट घेते. त्यामुळे डिझायनरला आवकमधली ड्रॉइंगं वाचता येतात, आणि ग्राहकाला जावकमधलं काही पुसता येत नाही.

ग्राहकांची खाती 'ग्राहक' गटात घाला आणि त्यांचं शेल (आज्ञा टाकण्याची खिडकी) नोलॉगिन, म्हणजे बंद, ठेवा. मग एसएसएचडीच्या (ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) कॉन्फिग फाइलच्या अगदी शेवटी या गटासाठी मॅच ग्रुपचा भाग लिहा. त्यात क्रूटडायरेक्टरीला एसआरव्हीतल्या एसएफटीपीखाली टक्के-यू, म्हणजे त्या खात्याचं नाव. फोर्सकमांडला इंटर्नल-एसएफटीपी, सोबत वजा-यू ००२७ आणि वजा-एल इन्फो. टीसीपी फॉरवर्डिंग आणि टनेल दोन्ही 'नो'. फॉरवर्डिंग विसरलात तर ज्याला फक्त फाइल टाकायची आहे, तो तुमच्या आतल्या नेटवर्कमधल्या टॅलीच्या मशीनपर्यंत बोगदा काढू शकतो. मॅचचा भाग पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो, म्हणून त्याच्याखाली सर्वांसाठीचं काही लिहू नका.

पासवर्ड पूर्ण बंद, लॉगिन फक्त किल्लीच्या फाइलने: पासवर्डऑथेंटिकेशन आणि केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन दोन्ही 'नो', पर्मिटरूटलॉगिनही 'नो'. इथे एक सापळा आहे. या फाइलमध्ये पहिली आलेली किंमत चालते, आणि उबंटूत कॉन्फिग डॉट डी फोल्डरातल्या फाइली सगळ्यात आधी वाचल्या जातात. तिथे ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल 'यस' म्हणत बसली असेल, तर तुमचं खालचं 'नो' वाया जातं. सर्वांसाठीच्या ओळी १० ने सुरू होणाऱ्या स्वतःच्या फाइलीत ठेवा. एसएसएचडी वजा-टी (छोटा टी) चूक दाखवतो. मोठा टी खरोखर लागू झालेल्या किमती छापतो. दोन्ही बघा, मगच रीलोड करा. तोवर आधीच्या लॉगिनची खिडकी उघडी ठेवा आणि नव्या खिडकीतून शिरून पाहा. त्याआधी स्वतःची किल्ली चालते याची खात्री करा, नाहीतर रविवारी कारखान्यात जाऊन मॉनिटर जोडावा लागेल.

किल्ली ईडी२५५१९ प्रकारची, ग्राहकाने त्याच्याच संगणकावर बनवलेली आणि पासफ्रेज घातलेली. किल्लीचे दोन भाग असतात: खाजगी त्याच्याकडेच राहतो, तुमच्याकडे फक्त सार्वजनिक अर्धा येतो. पुट्टीजेन या किल्ली बनवायच्या विंडोज प्रोग्राममधून 'सेव्ह पब्लिक की'ने आलेली अनेक ओळींची फाइल इथे चालत नाही. वरच्या चौकटीतली एकच लांब ओळ कॉपी करायला सांगा. या किल्ल्या ईटीसीतल्या एसएसएच फोल्डरात 'कीज' नावाच्या फोल्डरात खात्यानुसार ठेवा, आणि ऑथोराइज्डकीजफाइल मॅचच्या भागातच तिकडे वळवा. फोल्डर ७५५, फाइल ६४४, मालक रूट. ६०० दिलंत तर लॉगिन होणार नाही, कारण एसएसएचडी ही फाइल त्या ग्राहकाच्या हक्कांनी वाचतो.

उलट दिशेचीही खात्री लागते. सर्व्हरच्या होस्ट-कीचा (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी किल्ली) एसएचए२५६ ठसा काढून ग्राहकाला फोनवर वाचून दाखवा. फाइलझिला किंवा विनएससीपी (ग्राहकाकडचे फाइल पाठवायचे प्रोग्राम) पहिल्यांदा विचारेल तेव्हा त्याने तो जुळवायचा, डोळे मिटून 'हो' दाबायचं नाही.

फायरवॉल चालू करण्याआधी २२ ला वाट द्या. ग्राहकाचा आयपी स्थिर असेल तर फक्त त्यालाच. पोर्ट बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही. जुलै २०२४ मध्ये उघड झालेली 'रिग्रेशन' ही ओपनएसएसएचमधली चूक पोर्ट बदलून नव्हे, अपडेटने बुजली. अनअटेंडेड अपग्रेड्स, म्हणजे आपोआप होणारे अपडेट, चालू ठेवा.

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. उबंटूत रोटेशन (जुने लॉग पुसण्याचं चक्र) सहसा ४ आठवड्यांचं असतं; ते २६ करा. कोणी कोणती फाइल घेतली हे दिसण्यासाठी प्रत्येक क्रूटमध्ये 'देव' (डी-ई-व्ही) नावाचं फोल्डर आणि त्यात लॉगचं सॉकेट लागतं. नसेल तर फक्त ये-जा नोंदली जाते.

आपल्या भागातली एक खास अडचण फाइलींच्या नावांची. एक्स्ट४ मध्ये (उबंटूची डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं, आणि देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्राही त्यात मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं संपली की अपलोड नाकारलं जातं. शिवाय 'पायऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. दिसायला सारखीच, पण सर्व्हरला दोन वेगळ्या फाइली. सुधारित ड्रॉइंग जुन्याच्या जागी न बसता शेजारी पडतं आणि मशीनवर चुकीचं माप लागतं. ड्रॉइंग क्रमांक आणि रिव्हिजन असं छोटं रोमन नाव ठरवून टाका.

पावसाळ्यात खानापूरकडे वीज आणि लाइन जाते-येते. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावा. ग्राहकाला अपलोड तात्पुरत्या नावाने करून शेवटी नाव बदलायला सांगा (विनएससीपी मोठ्या फाइलींना आपणच तसं करतो), म्हणजे अर्धी फाइल कोणी उघडणार नाही. आवकमधलं ग्राहक स्वतः पुसू शकतो, म्हणून रोज रात्री त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.

काम संपलं की त्या ग्राहकाची किल्लीची फाइल काढा. पण चालू असलेली जोडणी त्याने तुटत नाही. पीकिल वजा-यू आणि खात्याचं नाव देऊन ती वेगळी बंद करावी लागते.