नेक्स्ट दाबण्याआधी

गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्याच्या आयटीत लागलो तेव्हा डेटाबेस म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टातलं मायएसक्यूएल, एवढीच माझी पुंजी होती. तिसऱ्याच महिन्यात काम अंगावर आलं. कारखाना आणि पणजीचं ऑफिस धरून सहाशेएक संगणक, त्यांवर अपडेट आणि सॉफ्टवेअर पाठवायला मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिगरेशन मॅनेजर उभा करायचा. जुनी माणसं अजून त्याला एससीसीएमच (सिस्टीम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजर) म्हणतात. त्याला माहिती साठवायला मागे एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस, लागतो. "तेवढा टाकून ठेव रे, बाकीचं सोमवारी बघू," म्हणून सर शनिवारी दुपारी म्हापशाला निघून गेले.

टाकला की! नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. वर गेटबाहेरच्या गाड्यावर पातळभाजी-पाव खाऊन आलो, इतका मी खूश.

सोमवारी कॉन्फिगरेशन मॅनेजर टाकण्याआधीच्या पूर्वतपासणीत लाल फुली. कोलेशन चुकीचं. सरांच्या तोंडून थेट कोंकणीच निघाली, "कितें केलें रे हें तुवें?"

कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची आणि क्रम कसा लावायचा, याचे नियम. कॉन्फिगरेशन मॅनेजरला 'एसक्यूएल लॅटिन1 जनरल सीपी1 सीआय एएस' हेच हवं असतं. यातलं सीआय म्हणजे कॅपिटल-स्मॉल एकच धरा, आणि एएस म्हणजे अक्षरावरची चिन्हं वेगळी धरा, आपल्याकडच्या पोर्तुगीज वळणाच्या नावांत असतात तशी. हे कोलेशन आपोआप मिळतं ते विंडोज अमेरिकी इंग्रजीत असेल तर. मी रीजन भारत ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्यासारखंच दिसणारं पण वेगळं कोलेशन बसलं. एकदा बसलं की सिस्टीम डेटाबेस नव्याने बांधा, नाहीतर सगळं काढून परत टाका. आम्ही काढून परत टाकला. दिवस गेला.

त्या निमित्ताने डिस्कही नीट झाल्या. पहिल्या खेपेला मी सगळं सी ड्राइव्हवर कोंबलं होतं. आता डेटा, लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) आणि टेम्पडीबी (तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) वेगवेगळ्या ड्राइव्हवर, आणि फॉरमॅट करताना अॅलोकेशन युनिट, म्हणजे डिस्कवर जागा वाटण्याचा सर्वांत लहान तुकडा, 64 केबी. विंडोज स्वतःहून 4 केबी ठेवतं. एसक्यूएल सर्व्हर 8 केबीच्या पानांत लिहितो, आठ पानांचा एक गठ्ठा करतो, म्हणून 64. व्हर्च्युअल मशीनवर हे चारही ड्राइव्ह शेवटी एकाच स्टोरेजवर असतात, मग वेग काय डोंबल वाढणार, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण लॉग फुगला तर निदान विंडोज तरी गुदमरत नाही. टेम्पडीबीच्या फायली एकापेक्षा जास्त करा आणि सगळ्या सारख्या आकाराच्या ठेवा, कारण ज्या फायलीत रिकामी जागा जास्त तिच्यावरच काम जास्त पडतं.

मेमरीकडे मात्र नवी मुलं हमखास दुर्लक्ष करतात. एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरीची मर्यादा मुळात जवळपास अमर्यादच असते. तो जमेल तेवढी घेतो आणि सहसा परत देत नाही. आमच्याकडे कॉन्फिगरेशन मॅनेजर आणि डेटाबेस एकाच 32 जीबीच्या मशीनवर. पहिला आठवडा कन्सोल, म्हणजे हे सगळं चालवायची खिडकी, उघडायला लागला की चहा होऊन यायचा! एकाच मशीनवर दोन्ही असतील तर डेटाबेसला एकूण मेमरीच्या 50 ते 80 टक्के द्यावी, स्वतंत्र मशीन असेल तर 80 ते 90. प्रायमरी साइटला, म्हणजे आमच्यासारख्या मुख्य मांडणीला, डेटाबेससाठी किमान 8 जीबी राखून ठेवावी लागते. आम्ही किमान 8 आणि कमाल 20 केली, आणि कन्सोल माणसात आला.

अँटिव्हायरसमधून डेटा आणि लॉगच्या फायली वगळणं, सर्व्हिससाठी वेगळं डोमेन खातं, हे सरांची यादी बघून उरकलं. एकदा एचआरने विचारलं, कँटीन कुपनांचा डेटाबेस इथेच ठेवू का? कॉन्फिगरेशन मॅनेजरसोबत एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डचा परवाना मिळतो, पण फक्त त्याच्याच कामापुरता. स्पष्ट नाही म्हणा. मी आढेवेढे घेत बसलो आणि पुढचे दोन महिने तोच प्रश्न ऐकला.

खरा फटका चतुर्थीत बसला. साइटचा डेटाबेस सिंपल रिकव्हरीत असतो, म्हणजे काम संपलेला लॉग आपोआप रिकामा होतो. मी कुठेतरी वाचून, जास्त सुरक्षित म्हणून, तो फुल केला होता. फुलमध्ये लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय लॉग रिकामा होत नाही, आणि तो बॅकअप मी लावलाच नव्हता. फोंड्याला घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधत होतो, तेवढ्यात फोन. 40 जीबीचा लॉग ड्राइव्ह काठोकाठ, एरर 9002. तोवर संगणकांकडून आलेल्या इन्व्हेंटरीच्या (कशावर काय बसवलंय त्या यादीच्या) फायली, त्या डेटाबेसात भरणाऱ्या डेटालोडरच्या बॉक्समध्ये हजारोंनी तुंबलेल्या. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून रिकव्हरी परत सिंपल केली, लॉग लहान केला. माटोळी भावाने पुरी केली.

तेव्हापासून दर चतुर्थीआधीच्या एका शनिवारी मी बॅकअप टेस्ट मशीनवर परत उतरवून बघतो. पहिल्याच वर्षी कळलं की साइटच्या बॅकअपमध्ये पॅकेजांच्या मूळ फायली आणि कंटेंट लायब्ररी (संगणकांना पाठवायच्या सॉफ्टवेअरचा साठा) येतच नाहीत. त्यांचा बॅकअप आता वेगळा लावलाय.