स्ट्रोकचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

"डिफ्यूजन पांढरं आहे, म्हणजे ताजा स्ट्रोक." रेसिडेंटच्या तोंडून हे आलं की माझा प्रश्न ठरलेला: एडीसी पाहिलं का? डिफ्यूजन म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र, आणि एडीसी म्हणजे त्याच हालचालीचा मोजलेला नकाशा. स्ट्रोकच्या एमआरआयमधल्या बहुतेक चुका अशाच होतात. एका सीक्वेन्सकडे (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांकडे) असलेलं उत्तर आपण भलत्याच सीक्वेन्सकडे मागतो.

रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरून अडकतं आणि काही मिनिटांतच तो भाग डिफ्यूजनवर पांढरा, एडीसी नकाशावर काळा दिसू लागतो. दोन्ही जुळायला हवं. साधारण आठवडा उलटला की एडीसी हळूहळू पूर्वपदावर येतं, पण डिफ्यूजनवरचा पांढरेपणा पुढेही रेंगाळतो, कारण त्या चित्रात टी-टूची (पाणी उजळ दाखवणाऱ्या साध्या एमआरआय चित्राची) चमक मिसळलेली असते. नुसतं डिफ्यूजन पाहणारा म्हणूनच जुन्या स्ट्रोकला ताजा ठरवून बसतो. उलट बाजूही आहे. फिट येऊन गेल्यावर, साखर फार उतरल्यावर, पू भरलेल्या गळूत किंवा लिम्फोमातही (एक प्रकारच्या कर्करोगातही) एडीसी काळं दिसू शकतं. तेव्हा आधी एक बघा: हा डाग एखाद्या धमनीच्या हद्दीत बसतो का?

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र पांढऱ्या डागाची नाही, डाग न दिसण्याची आहे. रुग्णाला अचानक गरगरायला लागलंय, चालताना एका बाजूला झोक जातोय, घोट गिळताना ठसका लागतोय. सहाव्या तासाला डिफ्यूजन स्वच्छ, रिपोर्ट 'नॉर्मल', आणि कानाचा त्रास म्हणून रुग्ण घरी! मेंदूच्या मागच्या भागातले स्ट्रोक पहिल्या २४ ते ४८ तासांत डिफ्यूजनला कधी कधी हुलकावणी देतात, आणि मेडुलाच्या (मेंदूच्या देठाच्या तळाच्या भागाच्या) कडेचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला तुकडा, त्यात पटाईत. तो असतो काही मिलीमीटरचा; आपण घेतो ५ मिमी जाडीचे स्लाइस, वर मध्ये गॅप. त्यात कवटीच्या तळाशी हवा आणि हाड शेजारी शेजारी, त्यामुळे प्रतिमा तिथेच वेडीवाकडी होते. संशय असेल तर ३ मिमीचे पातळ स्लाइस घ्या, कोरोनल (समोरून उभ्या कापातलं) डिफ्यूजन जोडा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्कॅन करा. सतत गरगरणाऱ्या रुग्णात डोळ्यांच्या हालचाली तपासणारी हिंट्स चाचणी सरावलेल्या हाताने केली, तर या सुरुवातीच्या काळात ती एमआरआयच्याही पुढे जाते. मशीनवाल्या माणसाला हे कबूल करणं जड जातं, पण खरं आहे.

झोपेतच स्ट्रोक आला असेल तर नेमकी वेळ कोणाला सांगता येत नाही. तिथे डिफ्यूजन आणि फ्लेअर (ज्यावर स्ट्रोकचा डाग काही तासांनी उमटतो तो सीक्वेन्स) शेजारी ठेवतात. डिफ्यूजनवर डाग आहे, फ्लेअरवर अजून नाही, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत बहुधा उलटलेली नाही. वेक-अप चाचणीत (२०१८) याच आधारावर निवडलेल्या रुग्णांना त्या औषधाचा फायदा दिसला. पण फ्लेअर म्हणजे मनगटावरचं घड्याळ नव्हे, तो अंदाज आहे. पडद्यावरची विंडो (चित्राच्या उजेड-अंधाराची मांडणी) फार ताणली की निरोगी भागही उजळ भासतो. दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहा. आणखी एक फसवणूक: मंद वाहणाऱ्या रक्तामुळे फ्लेअरवर धमन्याच पांढऱ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. त्या दोऱ्यांना मेंदूतला बदल समजून रुग्णाला 'उशीर झाला' म्हणू नका.

पर्फ्युजनचे (मेंदूत रक्त कुठे किती पोचतं ते दाखवणारे) रंगीत नकाशे फार खात्रीचे वाटतात, म्हणूनच त्यांच्यापासून जपावं. टीमॅक्स (रक्त पोचायला होणारा उशीर) ६ सेकंदांच्या वर गेलं की सॉफ्टवेअर तो भाग धोक्यातला म्हणून रंगवतं. गळ्यातली कॅरोटिड वर्षानुवर्षं अरुंद असेल तर रक्त त्या बाजूला तसंही उशिरा पोचतं आणि रंग उगाच पसरतो. गुठळी धमनीतून ओढून काढण्यासाठी डिफ्यूज-३ चाचणीने ६ ते १६ तासांसाठी घातलेल्या अटी (कोअर, म्हणजे आधीच मेलेला भाग, ७० मिलीपेक्षा कमी; धोक्यातल्या भागाचं कोअरशी गुणोत्तर किमान १.८; वाचवण्याजोगा भाग किमान १५ मिली) सगळ्यांना पाठ असतात, पण ज्यावरून हे आकडे निघतात तो धमनीतल्या कॉन्ट्रास्टचा (शिरेतून टोचलेल्या औषधाचा) आलेख उघडून कितीजण बघतात? रुग्ण हलला असेल किंवा कॉन्ट्रास्ट नीट गेला नसेल, तर ते तिथेच कळतं.

टीओएफ अँजिओवर (कॉन्ट्रास्टशिवाय वाहतं रक्त दाखवणाऱ्या एमआरआयवर) धमनी 'बंद' दिसली तरी कधी कधी ती नुसती मंद वाहत असते. एसडब्ल्यूआयवरची (रक्त आणि गुठळ्या काळ्या दाखवणाऱ्या सीक्वेन्सवरची) काळी गुठळीसुद्धा प्रत्यक्षापेक्षा फुगलेली दिसते, तिची जाडी मोजत बसू नका.

आता स्ट्रोकचा प्रकार. डाग वेगवेगळ्या धमन्यांच्या हद्दीत विखुरलेले असतील तर हृदयाकडे बघा. दोन हद्दींच्या सीमेवर मण्यांची माळ दिसली तर त्या बाजूची कॅरोटिड तपासा. खोलवरचा एकटा, लहान डाग दिसला की 'लॅक्यूनर' (बारीक धमनी बंद पडून झालेला स्ट्रोक) लिहून मोकळं व्हायची सवय वाईट. पॉन्समधला (मेंदूच्या देठाच्या मधल्या भागातला) डाग पुढच्या पृष्ठभागापर्यंत पोचला असेल, तर दोष बऱ्याचदा त्याच्या पुढून जाणाऱ्या बॅसिलर धमनीच्या भिंतीवरच्या चरबीच्या थरात असतो. टीओएफवर ती धमनी चांगली दिसली तरीही. तिथे व्हेसल वॉल इमेजिंग (धमनीची भिंतच दाखवणारं स्कॅन) कामी येतं. तरुण रुग्ण आणि मान दुखतेय, तर मानेचं फॅट-सॅट टी-वन (चरबीची चमक दाबून घेतलेलं चित्र) मागा. धमनीच्या भिंतीत साचलेलं रक्त त्यावर चंद्रकोरीसारखं उजळतं. पहिले दोन-तीन दिवस मात्र ही कोर उमटेलच असं नाही.

हे शेवटचे दोन सीक्वेन्स रुग्ण दारात असताना नकोत. तेव्हा डिफ्यूजन, फ्लेअर, एसडब्ल्यूआय, टीओएफ एवढं उरकायचं आणि टेबल मोकळं करायचं. धमनीची भिंत दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.