मार्तिनूचं ‘लिदित्सेचं स्मारक’ ऐकण्याआधी

आधी पेटी उघडा. पांढरी एक आणि तिला लागूनची काळी एक, दोन्ही एकदम दाबून धरा. माझे विद्यार्थी लगेच तोंड वाकडं करतात. करू देत. चेक संगीतकार बोहुस्लाव मार्तिनूची ही रचना अशाच खटकणाऱ्या स्वरमेळाने सुरू होते, आणि तो खटका कानात बसलेला बरा.

दुसरं, तारखा डोक्यात ठेवा. १० जून १९४२ला नाझींनी आजच्या चेक प्रजासत्ताकातलं लिदित्से गाव उद्ध्वस्त केलं, पुरुषांना गोळ्या घातल्या. मार्तिनू तेव्हा अमेरिकेत. १९४०मध्ये जर्मन येण्याआधी त्याने पॅरिस सोडलं, लिस्बनमार्गे १९४१मध्ये न्यूयॉर्क गाठलं. ही रचना तिथेच २८ ऑक्टोबर १९४३ला, चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने प्रथम वाजवली.

आता हेडफोन लावा. जेमतेम आठ-नऊ मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ फोन पालथा ठेवा. आपल्याकडच्यासारखी सम शोधत बसू नका. मी पहिल्यांदा शोधत बसलो आणि निम्मं हुकलं. संथ लय वाहू द्या. मधे संत वेन्सेस्लासच्या जुन्या चेक भजनाची छाया येते. शेवटाकडे मात्र कान टवकारा: हॉर्न या पितळी वाद्यावर तीन छोटे सूर, एक लांब. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची ती ठोक. तारेच्या मोर्स लिपीत तेच ‘व्ही’ अक्षर, म्हणजे ‘व्हिक्टरी’, विजय. युद्धकाळात बीबीसी तीच खूण वाजवायची.

हुकली तर मागे नेऊन ऐका. लाजू नका, मी तीनदा नेलं.